अवजार चमकते म्हणून निर्जंतुक असते का?



या वेळी मी गुडघेदुखीच्या व्यायामांवर लिहिणार होते. तो विषय पुढच्या अंकात घेऊ. मधल्या काळात एका वाचक भगिनीचा फोन आला आणि तिचा प्रश्न आधी घ्यावा असे वाटले.

"आपा, आमचे अब्बा, म्हणजे माझे सासरे, ७२ वर्षांचे आहेत. परवा फजरच्या वुजूला उठले आणि मोरीत पाय घसरला. खुबा मोडला. डॉक्टर म्हणतात, बॉल बदलावा लागेल. आम्ही तयार झालो होतो. पण मोठे दीर आले आणि म्हणाले, 'माझ्या ओळखीच्या माणसाच्या पायात अशाच ऑपरेशननंतर पू झाला. ही लोकं एका पेशंटची हत्यारं दुसऱ्याला वापरतात. मी सही करणार नाही.' आता घरात वाद चाललाय आणि अब्बा तसेच पडून आहेत. खरं सांगा, एकाची हत्यारं दुसऱ्याला वापरतात का?"

मी तिला म्हटले, "हो बेटा, वापरतात. जगभर वापरतात. पण एवढ्यासाठी ऑपरेशन लांबवू नका. दिरांना फोन द्या."

दिरांशी अर्धा तास बोलले. त्यांना जे सांगितले तेच आज तुम्हा सर्वांसाठी लिहिते. तीस वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काम केले, त्यातली बरीच वर्षे हाडांच्या ऑपरेशनची. जे हाताने केले आणि डोळ्यांनी पाहिले, त्यातलेच हे आहे.

उशीर करणे हाही धोकाच

म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की तो अंथरुणाला खिळतो. पडून राहिल्याने छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला आणि टाचांना जखमा होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. म्हणून तब्येत सावरलेली असेल तर शक्यतो पहिल्या २४ ते ४८ तासांत ऑपरेशन करावे, असे सांगितले जाते. जंतुसंसर्गाच्या भीतीने आठवडाभर थांबणे म्हणजे एका संकटाच्या भीतीने दुसऱ्याला घरात बोलावणे. प्रश्न जरूर विचारावेत. पण ते पहिल्या दिवशीच विचारावेत.

कोणती वस्तू एकदाच, कोणती पुन्हा

सुया, सिरिंज, हातमोजे, टाके घालायचा धागा आणि शरीरात बसवायचा बॉल, पट्टी किंवा सळई या वस्तू एका माणसासाठी एकदाच असतात. पण हाड कापायची, कोरायची आणि भोक पाडायची अवजारे पुन्हा पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेली असतात. हातोडी, छिन्नी, चिमटे, स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल मशीन, हाड आतून कोरणारे रीमर, मांस बाजूला धरणारे रिट्रॅक्टर, ही सगळी पोलादाची महाग अवजारे. एका ऑपरेशनला शंभराच्या वर नग सहज लागतात. प्रत्येक रुग्णासाठी ती नवी घ्यायची म्हटले तर ऑपरेशन कोणालाच परवडणार नाही.

तेव्हा "पुन्हा वापरतात का?" हा प्रश्न नाही. आधीच्या माणसाचे रक्त, चरबी आणि हाडाचा भुगा त्यातून पूर्ण निघाला का, आणि उरलेला शेवटचा जंतू मेला का, हा खरा प्रश्न आहे.

हाडाची एवढी काळजी का?

बोट कापले तर आपण हळद लावतो आणि चार दिवसांत ते भरून येते. मग हाडाचे एवढे काय?

१९५७ मध्ये लंडनमध्ये एलेक आणि कोनेन या दोन डॉक्टरांनी स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला. नुसत्या कातडीत पू करायला स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू लाखोंच्या घरात लागत होते. पण त्याच जागी रेशमी टाक्याचा एक तुकडा असेल, तर काही शेकड्यांनी काम होत होते. शरीरात परकी वस्तू असली की थोडे जंतूही पुरतात. इथे तर वस्तू टाक्याचा तुकडा नाही, वीतभर लांबीची धातूची सळई असते.

हे जंतू धातूवर चिकटून बसतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. पाण्याच्या टाकीच्या आतल्या बाजूला हात फिरवला की जसा थर लागतो, तसाच. याला बायोफिल्म म्हणतात. त्या थराच्या आत प्रतिजैविक औषध नीट पोहोचत नाही आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीही पोहोचत नाहीत. म्हणूनच सांध्यात किंवा सळईवर जंतू बसला तर नुसत्या गोळ्यांनी बऱ्याचदा भागत नाही. पुन्हा उघडून धुवावे लागते, कधी बसवलेला बॉल काढावा लागतो आणि सहा-सहा आठवडे इंजेक्शने चालतात. घरातला कमावता माणूस असेल तर घरच आडवे होते.

निर्जंतुक शस्त्रक्रियेची सुरुवातही एका मोडलेल्या हाडापासूनच झाली आहे. १८६५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात ११ वर्षांच्या एका मुलाला आणले होते. पायावरून गाडीचे चाक गेले होते, हाड मोडून कातडी फाटली होती. त्या काळी असा पाय बहुतेक वेळा कापावा लागे, नाहीतर माणूस सडून मरे. डॉक्टर जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेली पट्टी बांधली. सुमारे सहा आठवड्यांत मुलाचा पाय सांधला आणि तो चालत घरी गेला. जंतू आधीच मारले तर पू होत नाही, हे लोकांना तिथून पटू लागले.

पुढे जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात खुबा बदलण्याचे ऑपरेशन रुळवले. सुरुवातीला त्यांच्या सुमारे ७ टक्के रुग्णांना संसर्ग होत असे. थिएटरची हवा, डॉक्टरांचे कपडे अशी एकेक गोष्ट सुधारत १९६० च्या दशकात त्यांनी हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आणले. बॉल तोच, हात तेच. फरक पडला तो बारीकसारीक शिस्तीने.

आधी धुणे, मग वाफ

लोकांना वाटते, ऑटोक्लेव्हमध्ये टाकले की सगळे मरते. तुमच्या दिरांनाही तसेच वाटत होते. खरे तर अवजारांची निम्मी लढाई मोरीतच जिंकली जाते किंवा हरली जाते.

आपल्या घरातल्या बायकांना हे समजावून सांगायची गरज नाही. कणीक मळून झाल्यावर नखाखाली पीठ वाळलेले राहिले, तर वुजू करताना आपण ते आधी खरवडून काढतो. कारण त्याच्याखाली पाणी पोहोचत नाही. वरून कितीही पाणी ओतले तरी ती जागा कोरडीच राहते. अवजाराच्या खाचेत रक्त वाळले तर वाफेचे नेमके असेच होते. वाफ वरून फिरते आणि वाळलेल्या थराखाली जंतू शाबूत राहतो. अवजार बाहेरून गरम होते, चमकते, पण निर्जंतुक होत नाही.

म्हणून नियम असा आहे. ऑपरेशन संपताच अवजारे ओली ठेवायची, रक्त वाळू द्यायचे नाही. जी सुटी होतात ती सुटी करायची. एन्झाइमच्या द्रावणात बुडवायची, म्हणजे रक्त आणि चरबी सैल होते. प्रत्येक खाच ब्रशने घासायची, पोकळ नळीतून तिच्या मापाचा लांब ब्रश आरपार काढायचा. शुद्ध पाण्याने धुवायचे, कोरडे करायचे आणि उजेडात भिंगाखाली धरून पाहायचे. एवढे झाल्यावर गुंडाळून वाफेच्या यंत्रात ठेवायचे.

ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या कुकरचा मोठा भाऊ. १२१ अंश सेल्सिअसला साधारण १५ ते ३० मिनिटे, किंवा १३४ अंशाला किमान ३ मिनिटे वाफ द्यावी लागते. यंत्र कोणते आणि अवजारे कशी गुंडाळली आहेत, त्यावर वेळ ठरते. कुकरला वाफ येऊ न देताच शिटी लावली आणि भांडी कोंबून भरली तर आतला भात कच्चा राहतो. इथेही आत हवा अडकली किंवा ड्रम खच्चून भरला, तर मधल्या अवजारापर्यंत वाफ जात नाही.

गुंडाळीवर एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावरच्या रेषा काळ्या झाल्या की पुष्कळ जण म्हणतात, झाले निर्जंतुक. त्या रेषा एवढेच सांगतात की ही गुंडाळी यंत्रात जाऊन गरम झाली. आतला जंतू मेला की नाही, हे त्या सांगत नाहीत. ते पाहण्यासाठी उष्णतेला चिवट असलेल्या एका निरुपद्रवी जंतूचे बीजाणू छोट्या नळीत घालून यंत्रात ठेवतात. तेही मेले तर यंत्र विश्वासाचे. ही चाचणी ठरलेल्या दिवशी व्हायला हवी आणि वहीत लिहिली जायला हवी.

ह्यूस्टनची गोष्ट

"पण हे सगळे लहान गावातच होत असेल ना?" असे दिरांनी विचारले. नाही. २००९ सालची अमेरिकेतली गोष्ट आहे, टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनची. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीतून गुडघ्याची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्या ७ रुग्णांना एकाच प्रकारचा जंतुसंसर्ग झाला. सातही शस्त्रक्रिया एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे जेमतेम पंधरा दिवसांतल्या. जंतूचे नाव सुडोमोनास. ओलाव्यात वाढणारा आणि औषधांना दाद न देण्यात पटाईत.

देशाच्या रोगनियंत्रण केंद्राचे लोक तपासाला आले. अवजारे धुतलेली होती, निर्जंतुकही केलेली होती. मग त्यांनी पोकळ अवजारांच्या आत बारीक कॅमेरा घालून पाहिले. सांध्यातला खराब भाग खरवडणाऱ्या शेव्हर नावाच्या यंत्राच्या मुठीत आणि पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्यांत आधीच्या रुग्णांच्या मांसाचे कण अडकलेले होते. बाहेरून काहीही दिसत नव्हते. त्या कणांच्या आडोशाने जंतू निर्जंतुकीकरणातूनही वाचले असावेत, असा निष्कर्ष तपासातून निघाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सगळ्या रुग्णालयांना या शेव्हरबद्दल सावध केले.

श्रीमंत देश, मोठे रुग्णालय, नवी यंत्रे. तरीही अंधाऱ्या नळीत कोणी डोकावून पाहिले नव्हते, एवढे कारण पुरले.

माझ्या हातून राहिलेली गोष्ट

हे लिहिताना मला माझ्याबद्दलही सांगितले पाहिजे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतले एक ऑपरेशन. एका तरुण रिक्षावाल्याच्या मांडीच्या हाडात सळई घालायची होती. आपल्याकडे लहान रुग्णालयांत हाडाचा पूर्ण सेट नसतो. दुकानदार ट्रंक भरून सेट पाठवतो आणि तीच ट्रंक आज इथे, उद्या तिथे फिरत असते. त्या दिवशी ट्रंक सकाळी आली आणि ऑपरेशन तासाभरात होते. ती घेऊन आलेला पोरगा म्हणाला, "सिस्टर, कालच धुतलाय, फक्त ऑटोक्लेव्हला टाका." मी वरून पाहिले, चकाचक होता. टाकला. पट्टीच्या रेषा काळ्या झाल्या. मी सेट टेबलावर मांडला.

तीन आठवड्यांनी तो मुलगा ताप आणि पू घेऊन परत आला. त्याची पुढे आणखी तीन ऑपरेशने झाली. रिक्षा विकली गेली. हे त्या सेटमुळेच झाले, असे कोणी म्हटले नाही आणि कोणी सिद्धही करू शकले नसते. संसर्गाला कारणे अनेक असतात. पण रीमरची पोकळ दांडी मी आतून पाहिली नव्हती, हे मला माहीत आहे. त्याची अम्मी वॉर्डच्या दारात बसून तस्बीह ओढत असायची. मला पाहिले की म्हणायची, "बेटी, दुआ कर." तिच्या नजरेला नजर देणे मला जड जायचे.

काही वर्षांनी, दुसऱ्या ठिकाणी, तशीच ट्रंक आली आणि तेच वाक्य ऐकू आले. या वेळी मी पांढरे कापड पसरले आणि रीमरच्या दांडीतून लांब ब्रश आरपार काढला. कापडावर तपकिरी चुरा पडला. मी सांगितले, सेट पहिल्यापासून धुवायचा, ऑपरेशन तीन तास पुढे. भूल देणारे डॉक्टर वैतागले. रुग्णाचा भाऊ ओरडला, "पेशंट रात्रीपासून उपाशी आहे, तुम्हाला काही वाटतं का?" सर्जन तावातावाने आत आले. मी त्यांना काही बोलले नाही, कापड दाखवले. ते थोडा वेळ त्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, धुवा. मी थांबतो."

त्या रुग्णाची जखम छान भरली. न धुता वापरले असते तर काय झाले असते, ते अल्लाहलाच माहीत. पण त्या दिवसापासून त्या थिएटरमध्ये ट्रंक आदल्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही तर ऑपरेशनची वेळच द्यायची नाही, असे ठरले.

आणखी तीन कमकुवत जागा

पहिली, ड्रिल मशीन. ऑटोक्लेव्हमध्ये जाईल असे मशीन महाग असते. काही ठिकाणी मशीन फॉर्मालिनच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवून वापरतात. ही पद्धत भरवशाची नाही.

दुसरी, द्रावणात बुडवणे. ग्लुटारल्डिहाइडच्या द्रावणात २० मिनिटे ठेवले तर बहुतेक जंतू मरतात, पण बीजाणू मरत नाहीत. त्यांना सुमारे १० तास लागतात. आणि बाहेर काढून नळाच्या पाण्याने खळबळले तर पाण्यातले जंतू पुन्हा चिकटतात. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर महिनाभराने टाक्याच्या जागी गाठ येऊन ती वाहू लागते, त्यामागे कित्येकदा पाण्यात राहणारे, क्षयाच्या जंतूच्या कुळातले जंतू निघतात.

तिसरी जागा फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. रक्त थांबवण्यासाठी मांडीला किंवा दंडाला बांधायचा हवेचा पट्टा, म्हणजे टूर्निके. तो जखमेत जात नाही, म्हणून निर्जंतुक होत नाही. पण एका रुग्णावरून दुसऱ्यावर जातो. वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या तपासण्यांत या पट्ट्यांवर जंतू सापडले आहेत आणि जंतुनाशकाने नीट पुसल्यावर ते पुष्कळ कमी झालेलेही दिसले आहे. उपाय दोन मिनिटांचा आहे. तो करायला आठवण मात्र हवी.

घरच्यांनी काय विचारावे?

थिएटरच्या दारात उभे राहून भांडू नये. ऑपरेशन ठरते त्याच दिवशी, डॉक्टरांच्या खोलीत, शांतपणे विचारावे. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही.

१. ऑपरेशनचा सेट रुग्णालयाचा आहे की बाहेरून येणार? बाहेरून येणार असेल तर आदल्या दिवशी येईल का आणि इथे पुन्हा धुतला जाईल का?

२. अवजारे धुण्यासाठी आणि निर्जंतुक करण्यासाठी शिकलेला माणूस आहे का? ऑटोक्लेव्हची जंतूंची चाचणी होते का?

३. ड्रिल मशीन ऑटोक्लेव्ह केलेले असते का?

४. शस्त्रक्रियेआधीची सुरक्षा तपासणी यादी वापरता का? जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये काढलेल्या या यादीत, चीर देण्याआधी सिस्टरने अवजारे निर्जंतुक झाल्याची खात्री सांगावी, असा एक प्रश्नच आहे.

५. बसवलेल्या बॉलचे किंवा सळईचे स्टिकर आमच्या फाइलमध्ये लावून मिळेल का? त्यावर नग क्रमांक असतो. पुढे काही झाले तर तो कामी येतो.

इमारत मोठी आहे म्हणून निश्चिंत होऊ नका आणि दवाखाना लहान आहे म्हणून घाबरू नका. शिस्तीने चालणारी लहान थिएटरे मी पाहिली आहेत आणि घाईने चालणारी मोठीही पाहिली आहेत.

आपल्या हातात काय आहे?

सगळा दोष अवजारांना देऊन चालणार नाही. ऑपरेशनच्या जखमेत जाणारे पुष्कळ जंतू रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरचे आणि आपल्या हातांवरचे असतात.

रुग्णाला मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा. ठरवून करायचे गुडघ्याचे ऑपरेशन असेल तर साखर उतरेपर्यंत थांबा, घाई नाही. खुबा मोडलेल्या माणसाला मात्र थांबवू नका, डॉक्टर इन्सुलिनने साखर सांभाळतील. विडी, सिगारेट आणि तंबाखू बंद. दातात पू असेल किंवा लघवीला जळजळ असेल तर लपवू नका, डॉक्टरांना आधीच सांगा.

ऑपरेशनच्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. वस्तऱ्याच्या न दिसणाऱ्या ओरखड्यांत जंतू बसतात. काढायचेच असतील तर रुग्णालयात कात्रीच्या मशीनने काढतात. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी साबणाने आंघोळ घाला, उठता येत नसेल तर अंग पुसून काढा.

आता जरा आपल्या माणसांबद्दल. बीमारपुर्सीला जाणे हे आपल्याकडे सवाबाचे काम. पण दहा जण एकदम वॉर्डात शिरतात, पलंगावर बसतात, मुलांना पायाशी बसवतात आणि प्रत्येक जण चादर वर करून "कुठं टाके पडले, बघू" म्हणतो. रुग्णाला भेटायचे असेल तर एकेकाने जा, आधी हात धुवा, खुर्चीवर बसा, दुआ करा आणि लवकर निघा. पट्टीला हात लावू नका. हळद, तेल, राख, कोणी दिलेला लेप, काहीही टाक्यांवर लावू नका.

घरी आल्यावर ताप आला, आधी कमी झालेले दुखणे पुन्हा वाढले, टाक्यांभोवती लाली पसरू लागली किंवा पाणी अथवा पू आला, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच जा. दुकानातून प्रतिजैविक गोळ्या आणून देऊ नका. त्याने लक्षणे झाकली जातात आणि जंतू कोणता ते कळेनासे होते. संसर्ग कधी कधी काही महिन्यांनीही डोके वर काढतो, तेव्हा "आता इतके दिवस झाले" असे म्हणून दुर्लक्ष करू नका.

अब्बांची खबर

त्या दिवशी दीर फोनवर शेवटी म्हणाले, "आपा, म्हणजे माझी भीती खोटी नव्हती." मी म्हटले, "अजिबात खोटी नव्हती. फक्त तिच्यामुळे सही अडवायची नव्हती, प्रश्न विचारायचे होते."

त्यांनी त्याच संध्याकाळी डॉक्टरांना विचारले. सेट बाहेरूनच येणार होता, आणि तोही सकाळी. डॉक्टरांनी लगेच फोन करून रात्रीच मागवून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन झाले. अलहम्दुलिल्लाह, टाके निघाले आहेत, जखम कोरडी आहे. अब्बा वॉकर घेऊन घरात फिरतात आणि नमाज खुर्चीवर बसून अदा करतात. जखमेवर लक्ष ठेवा, वर्षभर ठेवा, असे मी सुनेला बजावले आहे.

आणि तिला आणखी एक सांगितले, ते तुम्हालाही सांगते. घरात साठीपुढचे कोणी असेल तर आजच मोरीत रबरी चटई टाका, नळाशेजारी भिंतीत धरायला एक दांडा ठोकून घ्या आणि फजरच्या वेळी तिथे दिवा चालू राहील असे पाहा. ऑपरेशनच्या खर्चाच्या मानाने हा खर्च काहीच नाही, आणि यात अवजाराची गरजच पडत नाही.

पुढच्या महिन्यात गुडघ्यांचे व्यायाम, इन्शाअल्लाह.

तुमची,
सिस्टरआपा